आधी बोट ठेवा

"झाड हवंय मला," धाकटे साहेब म्हणाले. "चांगलं डेरेदार. शेजारी एक माळी, हातात कात्री. आणि माळी हसरा पाहिजे हं."

मी कागद ओढला आणि काढायला घेतलं. बुंधा झाला, डेरा झाला, माळ्याच्या डोक्यावर टोपीसुद्धा आली. मग माझी पेन्सिल थांबली.

"फांद्या कुठे पडू देत?"

"कुठल्या फांद्या?"

"कापलेल्या. माळ्याच्या हातात कात्री आहे म्हणजे तो काहीतरी कापणार. कापलेलं खाली पडणार. डावीकडे दाखवू की उजवीकडे?"

लग्नाच्या फोटोत चपला कुठे दाखवायच्या असं विचारावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या दाखवायच्याच नाहीत. आपल्याला वाढ दाखवायचीय. छाटणी केली की झाड जोमानं वाढतं, एवढंच लोकांच्या डोक्यात राहिलं पाहिजे. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, लोक शंभर आकडे विसरतात पण एक चित्र विसरत नाहीत?"

"सांगते. म्हणूनच विचारतेय. कापताय कोणाला?"

साहेब उठले, दार लावून आले. "दुरुस्ती विभाग. शुक्रवारी सभा घेतोय. तोवर हे तुमच्या-माझ्यातच राहू दे."

दुरुस्ती विभागात माझे दीर काम करतात. साहेबांना ते ठाऊक नसावं, किंवा ठाऊक असून त्यांनी ते मोजलं नसावं. मी पेन्सिल खाली ठेवली.

आमची कंपनी खुर्च्या बनवते. मी इथे लागले ती खुर्च्यांची चित्रं काढायला, माहितीपुस्तकासाठी. पुढे कोणाला चार माणसांसमोर उभं राहून बोलायचं असलं की तो माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळायला लागला, आणि हळूहळू तेच माझं काम झालं. सगळे मला चित्रबाई म्हणतात. ज्याला आपल्या विषयातलं जास्त कळतं त्याच्या स्लाइडवर जास्त अक्षरं असतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. मग ती अक्षरं तो लोकांकडे पाठ करून वाचून दाखवतो आणि लोक त्याच्या पाठीकडे बघत जांभया देतात.

सुरक्षा अधिकाऱ्याचंच बघा. आगीवर बोलायचं तर त्याने नियमांची अशी जंत्री आणली होती की आग लागून विझलीही असती. मी त्याची सगळी स्लाइडं काढून टाकली आणि एकच चित्र दिलं. मागचं दार, दाराला टेकवून ठेवलेली एक खुर्ची, आणि काचेपलीकडून आत यायला धडपडणारा बंबवाला. त्या दिवसापासून मागच्या दाराशी कोणी खुर्ची ठेवलेली मी पाहिली नाही. तपासणीवाल्याला मी डुगडुगणारी खुर्ची काढून दिली होती, एका पायाखाली कागदाची घडी सरकवलेली. "घडी घालू नकोस" ही आमच्या कारखान्यात म्हणच होऊन बसली. काम टाळणाऱ्या पोराला त्याचा बापसुद्धा घरी तसं म्हणतो.

पण माझ्याकडून चित्र घ्यायचं तर एक अट असे. तालमीच्या वेळी मी बोलणाऱ्याला चित्रापाशी उभं करायची आणि म्हणायची, बोट ठेवा. हा कोण? ती कोण? ऐकणारे यात कुठे आहेत? तुम्ही स्वतः कुठे आहात? ज्याला बोट ठेवताना लाज वाटते त्याचं चित्र खोटं असतं. हिशेबनीसांनी एकदा गळक्या बादलीचं चित्र मागितलं, खर्च कसा वाया जातो ते सांगायला. मी म्हटलं, काढते, पण भोक कोण ते बोट ठेवून सांगा. हिशेबनीस लाल झाले. त्यांच्या मनातलं भोक खरेदी विभागात बसत होतं आणि सभेत त्यांच्याच शेजारी बसणार होतं. बादली रद्द झाली.

ही अट मी उगाच घातली नव्हती. माझे मालक, म्हणजे या दिरांचे थोरले भाऊ, याच कंपनीत बांधणी विभागात होते, खुर्च्या खोक्यात भरायच्या तिथे. एका वर्षी त्या विभागाची सभा झाली. बाहेरच्या कोणाकडून तरी चित्र मागवलं होतं: समुद्र, आणि त्यातून वर येणारा सूर्य. नवी पहाट, म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे घरी आले ते खुशीत, जेवताना मला सूर्याचा रंगसुद्धा सांगितला. दुसऱ्या दिवशी गेटवर यांचं कार्ड चालेना. रखवालदाराने यादी बघितली आणि मान खाली घातली. पहाट होती ती मशिनची, आणि त्या पहाटेत खोकी भरणारी माणसं नव्हती.

नोकरी गेल्याचं यांना दुःख झालंच. पण शेवटपर्यंत ते एकच बोलत राहिले, "अगं, मी टाळ्या वाजवल्या." आजारपणातसुद्धा कधी मध्येच आठवण झाली की तळहाताकडे बघायचे. ते गेले, आणि आजही मला त्या सूर्याचा राग येतो. त्या वेळी मी मोठ्या साहेबांच्या खोलीत जाऊन उभी राहिले होते. यापुढे कामगारांना दाखवायचं कुठलंही चित्र बोट ठेवल्याशिवाय लागणार नाही, असा शब्द घेऊनच बाहेर आले. मोठे साहेब शब्दाचे पक्के निघाले. आता ते घरी बसतात आणि खुर्ची मुलाकडे आली आहे.

"मी हे चित्र काढणार नाही," मी धाकट्या साहेबांना सांगितलं.

"का?"

"यात ज्यांच्याशी बोलायचंय तीच माणसं नाहीत."

"अहो, ते रूपक आहे. जरा सौम्य करून सांगायचं, एवढंच."

"सौम्य कोणासाठी?"

साहेब हसले. माणूस वाईट नाही. त्यांना कोणाचा चेहरा पडलेला बघवत नाही, म्हणून ते चेहऱ्याकडे बघतच नाहीत. "राहू दे," म्हणाले, "कॉम्प्युटरला सांगितलं की हल्ली तोच काढून देतो." आणि खरंच, चहा निवायच्या आत झाड तयार झालं. हिरवंगार, पानापानावर ऊन पडलेलं. माळ्याला जरा जास्तच दात होते, पण हसरा होता. खाली हिरवळ होती आणि हिरवळीवर एक काडीसुद्धा पडलेली नव्हती.

"तालीम?" मी विचारलं.

"गरज नाही. तुम्ही फक्त शुक्रवारी स्लाइडं पुढे सरकवा."

घरी पोहोचले तर भावजी अंगणात एका जुन्या खुर्चीची बैठक विणत बसले होते. शेजारच्यांची खुर्ची होती. कारखान्यात दिवसभर तेच आणि घरी येऊनही तेच. वेताची भिजवलेली पट्टी ओढताना त्यांची जीभ दातांत येते, लहान मुलासारखी. माझी जाऊ पायरीवर शेंगा सोलत होती. मालक गेल्यावर या दोघांनीच मला वेगळं राहू दिलं नाही. "तुमची खोली तुमचीच आहे वहिनी, आम्ही काही ती भाड्याने देत नाही," असं भावजींनी सुनावलं होतं, आणि विषय तिथेच संपला होता.

गुपित ठेवायचं कबूल केलं नव्हतं मी. साहेब म्हणाले होते, मी हो म्हटलं नव्हतं.

"भावजी, शुक्रवारी तुमचा विभाग बंद करताहेत."

वेताची पट्टी हातातून सुटून परत सैल झाली. जाऊबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कोण म्हणालं?"

"चित्र काढायला माझ्याकडे आले होते."

"कसलं चित्र?"

"झाडाचं. कंपनी म्हणजे झाड. माळी छाटणी करतो."

भावजींनी थोडा विचार केला. "म्हणजे आम्ही फांद्या. वाळलेल्या की हिरव्या?"

"दाखवलेल्याच नाहीत."

यावर ते हसले, पण ते हसणं मला आवडलं नाही. जाऊबाई मात्र पेटली. "तुम्ही काढलंत का ते चित्र?"

"नाही म्हटलं."

"झालं! म्हणजे यांची जाणार ती जाणारच, आता तुमचीही. ताई, जरा गोड बोलून काही मागून घ्यायचं होतं. दुसऱ्या विभागात एखादी जागा तरी. सगळ्यांशी वाकडं घेऊन कसं चालेल?"

"त्यांना बोलू नकोस," भावजी म्हणाले. पट्टी त्यांनी पुन्हा ओढून ताठ केली. "आम्हाला काढताहेत तर काढू देत. कंपनी त्यांची आहे. पण 'तुम्हाला काढतोय' असं माझ्या तोंडावर म्हणू देत. दादासारखं टाळ्या वाजवून घरी यायचं नाही मला."

"म्हणणार नाहीत," मी म्हटलं. "झाडानंतरची स्लाइड धन्यवादाची आहे."

जाऊबाईने शेंगा सोलायला घेतल्या आणि दाण्यांऐवजी सालंच पातेल्यात टाकत राहिली.

शुक्रवारी सभा ठरल्या वेळेच्या आधीच बोलावली. "जसे असाल तसे या" असा निरोप फिरला, त्यामुळे दुरुस्तीवाले हातातलं काम टाकून आले. भावजी एका जुन्या आरामखुर्चीला पॉलिश करत होते. हात पुसायलाही त्यांना वेळ मिळाला नव्हता. बोटं तपकिरी, ओली, आणि कपड्यांना लागू नयेत म्हणून पुढे धरलेली. ते आले आणि तिसऱ्या रांगेत बसले.

आमच्या सभागृहातला पडदा कधीचाच फाटलाय. समोरच्या भिंतीला पांढरा रंग देऊन तिच्यावरच चित्र पाडतात. मी मागे प्रोजेक्टरपाशी बसते, लॅपटॉप मांडीवर घेऊन.

साहेब छान बोलले. बाजार बदलतोय, लोक जुनी खुर्ची दुरुस्त करत नाहीत, नवी घेतात. हे खरंच होतं, माझी तक्रार त्याबद्दल नव्हतीच. मग त्यांनी हात केला आणि मी झाड लावलं. भिंतभर हिरवा उजेड पसरला. "कंपनी म्हणजे एक झाड," साहेब म्हणाले. "त्याच्यावर प्रेम असेल तर कधीकधी कात्री हातात घ्यावी लागते. छाटणीनंतर झाड अधिक जोमानं फुलतं." पुढच्या रांगेतल्या विक्री विभागाच्या दोघा-तिघांनी टाळीसाठी हात उचललेसुद्धा.

"पुढची स्लाइड," साहेब म्हणाले.

मला ते उचललेले हात दिसत होते. माझं बोट बटणावर होतं. मी ते उचलून मांडीवर ठेवलं.

"पुढची स्लाइड."

"आधी बोट ठेवा, साहेब."

माना मागे वळल्या. साहेब लोकांकडे बघून हसले. "मशीन अडकलंय वाटतं आमचं."

"मशीन ठीक आहे. मी अडवलंय."

मला वाटलं, आता रखवालदाराला बोलावतील. पण कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "बोट ठेवा ना साहेब." मग दुसरं कोणी. इतक्या वर्षांत त्या हॉलमध्ये जो जो बोलायला उभा राहिला होता त्याने माझ्यासमोर बोट ठेवलं होतं, आणि ते सगळे आज तिथेच बसले होते. हिशेबनीस तर चक्क उठून उभे राहिले. "मलाही ठेवावं लागलं होतं, साहेब," म्हणाले आणि घाईघाईने खाली बसले.

साहेब भिंतीपाशी गेले. बुंध्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही कंपनी." कंपनीवर बोट ठेवणं सोपंच असतं.

"माळी कोण?" मी विचारलं.

"व्यवस्थापन."

"म्हणजे?"

"म्हणजे... मी."

"आणि आम्ही?" तिसऱ्या रांगेतून भावजी उठले.

"ही पानं. तुम्ही सगळे." साहेबांनी सगळ्या डेऱ्यावरून हात फिरवला.

भावजी हात तसेच पुढे धरून भिंतीपर्यंत गेले. बुटका माणूस आहे, पानांचा उजेड त्यांच्या टकलावर पडला. त्यांनी चित्र खालून वरून नीट पाहिलं, खुर्ची तपासतात तसं.

"विक्रीवाले दिसले मला. जोडणीवाले दिसले. दुरुस्तीवाले शोधतोय, सापडेनात," ते म्हणाले. "साहेब, माळ्याने कापलं काय?"

भावजी वाकले. जिथे हिरवळ संपत होती आणि कोरी भिंत सुरू होत होती, त्याच्याही खाली त्यांनी बोट टेकवलं.

"आम्ही इथे आहोत. बरोबर ना? एवढंच म्हणा. रडणार नाही आम्ही."

साहेबांची मान खाली गेली. तोंडातल्या तोंडात ते काहीतरी म्हणाले.

"मागे ऐकू आलं नाही," मी म्हटलं. मला ऐकू आलं होतं.

त्यांनी मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी समोर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्याकडे पाहिलं असावं. "दुरुस्ती विभाग बंद करतोय मी," ते मोठ्याने म्हणाले. "आजपासून. तुम्हाला सगळ्यांना काढतोय."

विक्रीवाल्यांचे हात कधीच खाली गेले होते. कोणीही टाळी वाजवली नाही. मला माझ्या मालकांचे तळहात आठवले, आणि मी लोकांदेखत रडले. लाज वाटली नाही.

भावजींनी मान हलवली. "बरं," म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले.

मग मी पुढची स्लाइड लावली. धन्यवाद, आणि दोन फुलं.

संध्याकाळी साहेबांनी मला खोलीत बोलावलं. ओरडले नाहीत. "माफी मागा, विषय संपवू," म्हणाले.

"कशाची?"

"अडवल्याची."

"ती नाही मागणार. आवाज चढवला असेल तर त्याची मागते."

"चढवला नव्हता," साहेब म्हणाले. नोटिशीचा एक महिना भरा आणि मोकळ्या व्हा, असं ठरलं.

जाऊबाईला घरी सगळं आधीच कळलं होतं. "मिळाली शांती?" तिने दारातच विचारलं. मग तिने आम्हा दोघांना वाढलं, स्वतः नंतर बसली, आणि जेवता जेवता मध्येच थांबून म्हणाली, "हिशेबनीस खरंच उभे राहिले?" मी हो म्हटल्यावर तिने पुन्हा सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायला लावली. साहेबांचं "तुम्हाला काढतोय" आलं तेव्हा तिने भावजींकडे पाहिलं आणि त्यांच्या ताटात न विचारता आणखी भाजी घातली.

गोष्ट इथे गोड करता आली असती, पण तसं झालं नाही. विभाग बंद झाला तो झालाच. हत्यारं खोक्यात गेली, दाराला कुलूप लागलं. भावजी बरेच दिवस अंगणात नुसते बसून होते, शेजाऱ्यांच्या त्याच खुर्चीत. बैठक विणून झाली होती, शेजारी न्यायला आले नव्हते. खुर्च्या नीट करणारा हा माणूस रिकाम्या हातांनी खुर्चीत बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पण त्यांनी एकदाही तळहाताकडे पाहिलं नाही.

माझ्या नोटिशीच्या महिन्यात साहेबांकडे बाहेरचे पाहुणे यायचे होते, मोठे खरेदीदार. सभागृहात प्रेझेंटेशन होतं. त्या जुन्या प्रोजेक्टरच्या नाकदुऱ्या काढणं माझ्याशिवाय कोणाला जमत नाही, म्हणून मलाच बोलावलं.

भिंतीवर भावजींच्या बोटाचा ठसा होता, खाली, कमरेच्या उंचीवर. तपकिरी, रेषा न् रेषा उमटलेली. सफाईवाल्या मावशींनी साबण लावून पाहिला, रॉकेल लावून पाहिलं. "जात नाही हो," त्या मला म्हणाल्या. "मी सांगितलं साहेबांना, पॉलिश जात नसतं, त्याच्यासाठीच तर लावतात." रंगवायचं तर आता वेळ नव्हता.

पाहुणे यायच्या आधी साहेब भिंतीसमोर उभे राहून बघत होते. "चित्र थोडं खाली घ्या," ते म्हणाले. "उजेडात झाकून जाईल."

मी साहेबांकडे पाहिलं. मग प्रोजेक्टरचे पुढचे पाय आत फिरवले. चित्र हळूहळू भिंतीवरून खाली उतरलं आणि ठसा आत आला. तो झाकला गेला नाही. पहिल्याच स्लाइडवर नव्या खुर्चीच्या पांढऱ्या बैठकीवर तो बसला.

पाहुणे आले, चहा झाला, साहेब बोलायला लागले. थोड्या वेळाने पाहुण्यांतल्या एक बाई पुढे वाकून म्हणाल्या, "तो डाग कसला आहे?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. मांडीवर लॅपटॉप होता आणि बोट बटणावर.

"पुढची स्लाइड," साहेब म्हणाले.

मी लगेच लावली. मग तिच्या पुढची, आणि तिच्याही पुढची. ठसा होता तिथेच राहिला.